जेवणाची सुट्टी

थर्ड शिफ्ट करून आलेल्या बाईची झोप सकाळी सुरू होते, आणि ती गल्लीला मान्य नसते. खिडकीला मी जुनी गोधडी अडकवली आहे, तरी तिच्या शिवणीतून उजेडाचे बारीक टाके भिंतीवर पडतात. वरच्या मजल्यावर कुकर शिट्ट्या देतोय. भंगारवाला ओरडत कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. मुलगी कॉलेजला गेली आहे, हे टेम्पो घेऊन पिंपळगावला. मी डोळ्यांवर ओढणी बांधून कुशीवर पडले आहे. अंग केव्हाच झोपलंय, पण बोटं अजून जागी आहेत. चिमट्यानं स्प्रिंग उचलायची, खाचेत बसवायची, पुढची उचलायची, असं ती हवेतच करत राहतात.

अंबडला स्विच बनवणाऱ्या एका कंपनीत मी लाईनवर बसते. पट्टा समोरून सरकत राहतो आणि आम्ही बायका एका रांगेत स्टुलावर. पाळी दर आठवड्याला बदलते. एका आठवड्यात रात्रीचं जेवण पहाटे होतं, दुसऱ्यात सकाळचा चहा दुपारी. पोट विचारतं की आता काय वाजलंय, आणि मला सांगता येत नाही.

तहान लागते. उठून पाणी प्यावं असं वाटतं, पण उठवत नाही.

"सरक जरा," पायथ्याशी कोणीतरी म्हणतं.

मी पाय आखडते. गादी दबते. ओढणीच्या आडून मला दिसतं की यमुनाताई बसल्या आहेत.

यमुनाताई निकम लाईनवर माझ्या डाव्या हाताला बसायच्या. मूळच्या लासलगावकडच्या, हडकुळ्या, काटक. कांद्याच्या खळ्यावर वाढलेल्या, त्यामुळे दिवसभर वाकून काम करायचं त्यांना काही वाटत नसे. त्यांना जाऊन वर्ष होत आलंय. हे मला झोपेतही पक्कं ठाऊक आहे, तरी भीती वाटत नाही. अंगावर कंपनीचा निळा एप्रन आहे, डोक्याला जाळीची टोपी आहे आणि टोपीतून कानामागे एक पांढरी बट सुटली आहे.

"झोप लागते का गं दिवसाची?" त्या विचारतात.

"लागते तुकड्या-तुकड्यानं."

"मला तर लागायचीच नाही. आणि आता तर काय."

आता तर काय, याचा अर्थ मी विचारत नाही. माझी आई सांगायची की गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर खुशाल बोलावं, पण त्यानं दिलेलं खाऊ नये आणि ते चल म्हणालं तर उठू नये. मी गादीची कड धरून ठेवते.

"चल," यमुनाताई म्हणतात.

"मी नाही येणार, ताई."

त्या हसतात. हसताना त्यांच्या गालाला खड्डा पडतो, तो तसाच आहे. "तुला न्यायला नाही आले, बाई. माझी रिलिव्हर अजून आली नाही. तेव्हापासून स्टुलावरच आहे मी. कोणाला तरी सांग म्हणते."

आमच्या लाईनवर असंच असतं. तुमच्या जागेवर बसायला दुसरी बाई आली, तिनं चिमटा हातात घेतला, की मगच तुम्ही उठायचं. पट्टा थांबत नाही. रिलिव्हर आली नाही तर शिफ्ट संपली तरी बसून राहायचं.

गादी हलते. ती हलते कारण आम्ही कंपनीच्या बसमध्ये आहोत. यमुनाताई खिडकीकडे आणि मी बाजूला. बाहेर भर दुपार आहे, पण सगळ्या बायका माना टाकून झोपल्या आहेत. खिडकीच्या काचेवर वाफ आहे आणि यमुनाताई बोटानं त्यावर स्प्रिंगसारखी वेटोळी काढत बसल्या आहेत.

मी त्यांना सांगते. का सांगते कोण जाणे. अजून घरात फक्त ह्यांना माहीत आहे, मुलीलाही सांगितलेलं नाही. सांगते की तहान फार लागायची, पायांना मुंग्या यायच्या, म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आईला काही आजार होता का विचारलं, कामाच्या पाळ्या कशा असतात, कधी जेवता, किती वेळ बसून असता, असं सगळं विचारलं. शेवटी म्हणाल्या, तुम्हाला डायबेटिस आहे. गोळ्या दिल्या. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, भरपूर पाणी प्या म्हणाल्या.

"वेळेवर," यमुनाताई म्हणतात. त्या तो शब्द असा उच्चारतात की जणू एखाद्या परगावाचं नाव आहे.

"हो. मी त्यांना म्हटलं, आमच्या कंपनीत येऊन सांगा."

"मग?"

"हसल्या बिचाऱ्या."

सोमवारी कंपनीत तपासणीचा कॅम्प आहे. कंपनीभर बोलणं चाललंय की ज्यांना शुगर निघेल त्यांना ठेकेदाराकडे परत पाठवणार. आम्ही बहुतेक सगळ्या ठेकेदाराच्याच. त्यामुळे त्या दिवशी कोणाचा भाचा आजारी पडणार आहे, कोणाच्या सासूचं डोळ्याचं ऑपरेशन निघणार आहे. मीही एक कारण शोधून ठेवलं आहे. हेही मी यमुनाताईंना सांगते. काचेवरची वेटोळी ओघळून खाली येतात.

बसच्या पायऱ्या उतरल्या की कंपनीचं गेट लागायला हवं. पण आम्ही उतरतो ती थेट वरच्या ऑफिसात, जिथं मी दिवसाउजेडी कधी पाय ठेवलेला नाही. गारठा आहे. मऊ जमीन आहे, चपलेचा आवाज होत नाही. टेबलांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक टेबलामागे एक माणूस पडद्याकडे बघतोय. कोणीच हलत नाही. अकाउंट्सचे कुलथे तेवढे ओळखू येतात, कारण पगाराची गडबड झाली की तेच खाली येतात. त्यांची खुर्ची त्यांच्या अंगाला शिवल्यासारखी दिसते. पोट टेबलाला टेकलं आहे. खण उघडा आहे आणि त्यात बिस्किटांचे पुडे.

कुलथे आम्हाला बघून दचकत नाहीत. त्यांना बहुतेक वाटतं की आम्ही चहा घेऊन आलो. ते सांगू लागतात की महिनाअखेर आहे, जेवायला जमलं नाही, घरी पोचायला उशीर होतो, मग उशिरा जेवून तसंच झोपायचं. वडिलांना डायबेटिस होता, मोठ्या भावाला आहे, आता कुलथ्यांनाही निघालाय. साहेब म्हणाले जिमला जा. जिम उघडते तेव्हा ते इथं असतात आणि बंद होते तेव्हाही इथंच. हे सगळं ते पडद्यावरून नजर न काढता सांगतात.

"उठा की थोडं," यमुनाताई त्यांना म्हणतात.

"उठलो तर कोण बघेल हे?"

यमुनाताई माझ्याकडे वळतात. "बघितलंस? यांचीही रिलिव्हर आली नाही."

मला आतापर्यंत वाटायचं की वर एसीत बसणाऱ्यांचा आजार वेगळा आणि आमचा वेगळा. वरच्यांना खुर्चीनं धरलंय आणि आम्हाला स्टुलानं, एवढाच फरक. मी हे बोलून दाखवायला जाते, तोवर कुलथ्यांच्या टेबलावर चहा येतो. आधीच साखर घातलेला, दाट, कॅन्टीनचा. कप ठेवला तसं टेबल लांब होत जातं आणि ते कॅन्टीनचं टेबल होतं. स्टीलच्या ताटांचा आवाज सुरू होतो. भिंतीवर नवीन पोस्टर आहे. त्यात एक जाडजूड माणूस हातात लाडू घेऊन उभा आहे आणि त्याच्यावर लाल फुली मारली आहे. खाली लिहिलंय, गोड टाळा, आरोग्य सांभाळा.

यमुनाताई पोस्टरसमोर बराच वेळ उभ्या राहतात.

"हा माणूस मी आपल्या लाईनवर कधी बघितला नाही," त्या म्हणतात.

मला हसू येतं. झोपेत माझा गाल उशीला घासतो तेही मला कळतं. पण यमुनाताई हसत नाहीत. त्या पोस्टरवरून हात फिरवतात, आणि मग एकदम सांगायला लागतात. त्या दिवशी काय झालं ते.

त्या आठवड्यात आमच्या पाळ्या वेगळ्या पडल्या होत्या, माझी सेकंड शिफ्ट आणि त्यांची फर्स्ट. म्हणून मी तिथं नव्हते. जे कळलं ते दुसऱ्यांकडून, तुटक-तुटक. आता त्या स्वतः सांगतात आणि त्यांच्या आवाजात रडणं नाही. त्या सांगतात की गोळ्यांनी भागेना म्हणून इंजेक्शन सुरू झालं होतं. जेवणाच्या थोडं आधी घ्यायचं. ते त्या कपडे बदलायच्या खोलीत घ्यायच्या, दार ओढून. त्या दिवशी घेतलं आणि जागेवर येऊन बसल्या, आता सुट्टी होईल म्हणून. तेवढ्यात खैरनार सर आले. खैरनार सर म्हणजे आमचे लाईन सुपरवायझर. त्यांनी सांगितलं की गाडी उभी आहे, माल आत्ताच जायला हवा, जेवणाची सुट्टी माल गेल्यावर.

"मी सांगितलं त्यांना, सर, मी इंजेक्शन घेतलंय, मला खायला पाहिजे. ते म्हणाले, निकमबाई, सगळ्यांनाच भूक लागलीय."

मग घाम आला. हात कापायला लागले, स्प्रिंगा चिमट्यातून सुटायला लागल्या. त्यांनी डब्याकडे जायला परवानगी मागितली. खैरनार सरांना वाटलं बाई कारणं सांगते. त्या उठल्याच शेवटी, रिलिव्हर नसताना. दोन पावलं टाकली असतील. चक्कर आली आणि डोकं पट्ट्याच्या लोखंडी कोपऱ्यावर आदळलं.

पुढचं मला माहीत आहे. सिव्हिलला नेलं, तिथून परत आल्याच नाहीत. कंपनीत शोकसभा झाली. मोठ्या साहेबांनी सांगितलं की निकमबाईंना शुगरचा त्रास होता, सर्वांनी आपापली काळजी घ्यावी. घरच्यांनाही तेच सांगितलं. तेव्हापासून सगळे तेच म्हणतात. निकमबाई? शुगरनं गेली.

"रत्ना," यमुनाताई म्हणतात, "मी शुगरनं नाही गेले."

ताटांचा आवाज थांबतो.

"जेवणाची सुट्टी पुढं ढकलली म्हणून गेले. शुगर घेऊन माझी आई म्हातारी झाली. मीही झाले असते. एवढं बोल तू कुणाजवळ तरी. मला रडू नको. मला सोडव."

मी होय म्हणायला तोंड उघडते आणि मला दिसतं की यमुनाताई उभ्या नाहीत. त्या बसल्या आहेत. कॅन्टीनच्या भिंती मागे गेल्या आहेत आणि लाईन सुरू आहे. पट्टा सरकतोय, वरच्या नळ्यांचा पांढरा उजेड सगळ्यांच्या टोप्यांवर पडलाय, बायका रांगेनं बसल्या आहेत आणि सगळ्यांचे हात एकसारखे चालतायत. शबनम आहे, अर्चना बोरस्ते आहे. मी हाका मारते तर कोणी मान वर करत नाही. दाराशी खिळ्याला लाकडी बिल्ला टांगलाय. अख्ख्या लाईनला एकच बिल्ला. तो खिळ्यावर असेल तरच लघवीला जायचं. म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. तहानेचा आजार अंगात घेऊन आम्ही इथं कोरड्या घशानं बसून असतो.

यमुनाताईंच्या कपाळावर घाम आहे. हात कापतायत. त्या माझ्याकडे बघतात आणि स्टुलाच्या कडेला सरकतात. मला जागा करून देतात.

मला कळतं की मी बसले तर त्या उठतील. इथला नियमच आहे तसा. चिमटा माझ्या हाताजवळ आला आहे. क्षणभर वाटतं घ्यावा. त्यांनी किती काळ बसायचं? पण मी घेतला तर मी त्यांच्या जागेवर, आणि मग माझी रिलिव्हर कोण? शबनम? तिच्यानंतर अर्चना? माझी मुलगी?

"मी नाही बसणार," मी म्हणते.

यमुनाताईंचा चेहरा पडतो.

"मी नाही बसणार आणि तुम्हीही नाही बसायचं. उठा."

"रिलिव्हर नाही गं."

"नसू दे. उठा."

खैरनार सर येतात. ते येताना दिसत नाहीत, एकदम असतातच. हातात मोबाइल आहे आणि आवाज नेहमीसारखा, वाईट नाही, फक्त घाईचा. गाडी उभी आहे, ते म्हणतात. गांगुर्डेबाई, तुमची जागा कुठं आहे?

मग मी बोलते. स्वप्नात कधी कधी तोंड उघडतं आणि आवाज निघत नाही, तसं होईल असं वाटतं, पण आवाज निघतो. माझाच आवाज, पण आजवर कंपनीच्या छपराखाली कधी न काढलेला. मी म्हणते की यमुनाताई शुगरनं गेल्या नाहीत. मी म्हणते की मला शुगर आहे, मी रत्नमाला गांगुर्डे, आणि मी लाडू खाऊन आजारी पडलेले नाही. माझ्या आईला होता, तो मला मिळाला, ते एक. बाकीचं इथं मिळालं. माझी झोप इथं गेली, माझं जेवण इथं पुढं ढकललं, माझे पाय या स्टुलावर बसून बधिर झाले. मी म्हणते की सोमवारी मी कॅम्पला येणार. नाव लिहा, रक्त घ्या, काय निघतं ते मोठ्यानं वाचा. मी काही चोरी केलेली नाही. मी पाणी पिणार आणि जायचं तेव्हा जाणार, खिळ्यावर बिल्ला असो की नसो. आणि जेवणाची सुट्टी जेवणाच्या वेळेला.

खैरनार सर काहीतरी म्हणतात. ते मला ऐकू येत नाही, कारण पट्टा थांबलाय. पट्ट्याचा आवाज इतकी वर्षं कानात आहे की तो थांबल्यावर कान दुखतात. रांगेतल्या बायका माना वर करतात. एकेकीचा चेहरा दिसतो.

यमुनाताई उठतात. एप्रनला हात पुसतात, टोपी काढून स्टुलावर ठेवतात, आणि सावकाश, कोणी मागं लागलेलं नाही अशा चालीनं दाराकडे निघतात. मी मागोमाग जाते. दाराबाहेर कंपनीचं आवार नाहीच. कांद्याचं खळं आहे, उन्हात वाळत घातलेला लालसर ढीग, एका कडेला बाभळीची सावली. यमुनाताई सावलीत मांडी घालून बसतात आणि डबा उघडतात. बाजरीची भाकरी आहे, मेथीची कोरडी भाजी आहे, आणि ठेचा. पहिला घास मोडून त्या तो बराच वेळ चावतात. डोळे मिटलेले आहेत.

मी समोर उभी राहते. मला भूक लागली आहे.

"तुला नाही देत," डोळे न उघडता त्या म्हणतात. "तुझी आई रागवायची. जा, घरी जाऊन जेव. वेळ झाली."

"ताई, परत याल?"

"कशाला? सुट्टी झालीय माझी."

त्या दुसरा घास मोडतात. उन्हाचा रंग पिवळा होत होत पांढरा होतो आणि मग तो उजेड गोधडीच्या शिवणीतला असतो.

मी जागी आहे. कुकर थांबलाय. ओढणी गळ्यात आली आहे आणि उशी ओली आहे. घसा असा खरवडलाय की गिळताना टोचतं. उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे, आणि मुठीत मोबाइल आहे. तो मी कधी घेतला ते मला माहीत नाही. अंगठा अजून पडद्यावर दाबलेला आहे. मी अंगठा उचलते.

मोबाइल बारीक आवाज करतो. लाईनच्या ग्रुपवर एक आवाजी मेसेज गेलाय. माझ्या नावानं, आत्ता.

मी तो कानाला लावते. सुरुवातीला नुसता श्वास आहे. मग माझा आवाज, जड, झोपेतला, पण शब्द स्पष्ट. मी नाही बसणार. मग शांतता. पुरती एका माणसाचं उत्तर मावेल एवढी. मग माझा आवाज म्हणतो, नसू दे, उठा. पुन्हा शांतता, पुन्हा माझा आवाज. आणि मग एका दमात सगळं. यमुनाताईंचं, शुगरचं, लाडूचं, बिल्ल्याचं, सुट्टीचं. माझं नाव आडनावासकट. शेवटी मी विचारते, ताई, परत याल? त्यानंतरही शांतता आहे, आणि त्या शांततेत मागं कुठंतरी कोणीतरी सावकाश काहीतरी चावत असल्यासारखा आवाज. कदाचित माझेच दात असतील.

त्या ग्रुपवर लाईनच्या सगळ्या बायका आहेत. खैरनार सरही आहेत. सुट्टी रद्द झाल्याचे मेसेज तेच टाकतात.

मेसेजवर बोट दाबून धरलं की तो सगळ्यांच्या मोबाइलमधून काढून टाकता येतो, हे मुलीनं मला शिकवलं आहे. मी बोट दाबून धरते. कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह वर येतं. ठेकेदार आठवतो, मुलीची फी आठवते, ह्यांचा टेम्पोचा हप्ता आठवतो. आणि एकेका नावापुढची ऐकल्याची खूण निळी होत जाते. अर्चना. शबनम. पॅकिंगच्या दोघी. खैरनार सर.

मी ते चिन्ह दाबत नाही. मग शबनमचं येतं, लिहिलेलं. "मला दोन वर्षं झाली. कोणाला बोलले नव्हते. सोमवारी मी पण येते."

अर्चनाचं येतं. तिनं काही लिहिलेलं नाही, यमुनाताईंचा जुना फोटो टाकलाय, कंपनीच्या हळदीकुंकवातला, गालाला खड्डा पडलेला.

खैरनार सर लिहितायत असं दिसतं. थांबतात. पुन्हा लिहितायत. थांबतात. मग येतं, "गांगुर्डेबाई, हे चुकून आलं का?"

मी पलंगावर उठून बसते. ओढणी सोडते आणि गोधडी खिडकीवरून ओढून काढते. दुपार सगळी आत येते, गल्लीतल्या आवाजांसकट. मोबाइल तोंडाजवळ धरते आणि खुणेवर अंगठा ठेवते. घसा दुखतोय, पण आवाज निघतो.

"झोपेत बोलले होते, सर," मी म्हणते. "आता जागी आहे. तेच परत सांगते, ऐका."